काळं रान वाचायचं कसं? मराठवाड्यातली जमीन ओळखण्याची पायरीपायरीची पद्धत

मराठवाड्यात कुणाच्याही जमिनीची चौकशी केली की पहिलं उत्तर येतं, ‘काळी आहे, भारी आहे.’ पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पण एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन रानांत ऑगस्टमध्ये पाऊस तीन आठवडे उघडला, की एकातलं सोयाबीन दुपारी माना टाकतं आणि दुसऱ्यातलं तसंच उभं राहतं. रंग एकच, पेरा एकच, बियाणंही बहुधा एकाच दुकानातलं. फरक असतो तो खाली. एका रानात दीड फुटावर मुरूम लागतो, दुसऱ्यात पाच फूट खोदलं तरी लागत नाही.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: काळा रंग ही जमिनीची ओळख नाही. काळी म्हणजे सेंद्रिय कसदार, हाही गैरसमजच. आपल्या बहुतेक काळ्या रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो. थोडासाच सेंद्रिय अंश चिकणमातीच्या बारीक कणांना घट्ट धरून बसतो आणि सगळी माती काळी दिसते. जमीन कशी वागेल हे तीन गोष्टींवर ठरतं: ती उतारावर कुठे बसली आहे, तिच्यावर किती आणि कधी पाऊस पडतो, आणि तिच्या पोटात काय आहे. या लेखात त्याच क्रमाने जाऊ. लागणारं सामान घरचंच आहे: टिकाव, फावडं, मोजपट्टी, दोन-तीन काचेचे ग्लास, एक जुनी इंजेक्शनची सिरिंज आणि वही.

पहिली पायरी: रान सोडा, आधी शिवार बघा

आपल्या बहुतेक मराठवाड्याखालचा खडक बेसाल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांकडे लेणी विसरून नुसता दगड म्हणून पाहिलं, तर हे आडवे थर उघड दिसतात. काही थर कठीण, एकसंध. काही सच्छिद्र आणि मऊ, ज्यांना विहीर खोदणारे बऱ्याच ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. कठीण थर झिजायला वेळ लागतो, मऊ थर लवकर झिजतो. म्हणून आपल्याकडचे डोंगर टोकदार नसतात, सपाट माथ्याचे आणि पायऱ्यापायऱ्यांचे असतात. शेतजमिनीचा अर्धा स्वभाव या पायऱ्यांवर ठरलेला असतो.

बालाघाटावरून गोदावरीकडे उतरत गेलात तर सगळा पट एका दिवसात दिसतो. पाटोद्याच्या बाजूला माथ्यावर माळरान, कुसळी गवत, वीतभर माती आणि खाली मुरूम. बीडकडे उतरताना ओढ्यांच्या कडेला माती जाड होत जाते. सिंदफणेचं खोरं ओलांडून गेवराईच्या पुढे, गोदाकाठी, माणूसभर खोल काळी माती लागते. कारण सोपं आहे. खडक झिजून तयार झालेली बारीक माती हजारो वर्षं पाण्याबरोबर खाली वाहत आली, आणि जड, भरड माल वर राहिला. खोलगटात तिला चुना, मॅग्नेशियम, सिलिका असलेलं पाणीही भरपूर मिळालं. फुगणारी चिकणमाती टिकून राहायला हेच लागतं.

आता आपल्या गावाचं हेच चित्र काढा. मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडा, ओढे आणि टेकड्यांचे माथे खुणावून घ्या. मग माथ्यापासून ओढ्यापर्यंत सरळ रेषेत चाला. ही फेरी मे महिन्यात करावी, तेव्हा रान मोकळं असतं आणि भेगा उघड्या असतात. चालताना वहीत चार जागा वेगळ्या लिहा: माथा, उतार, पायथा, ओढ्या-नदीचा काठ. तुमचं रान यापैकी कशात येतं, हे पहिलं उत्तर.

खोदकाम न करता पोट दाखवणाऱ्या जागा शिवारात पुष्कळ असतात. नव्याने खोदलेलं शेततळं, रस्त्यासाठी कापलेली कड, ओढ्याने खाल्लेला काठ, न बांधलेली विहीर. आपल्याच रानाच्या उंचीवरची अशी जागा शोधा आणि माती कुठे संपते, मुरूम कुठे सुरू होतो ते मोजा. विहिरीत मात्र वाकून डोकावू नका. काळ्या मातीची उघडी कड पाय ठेवताच ढासळते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ‘उंच म्हणजे हलकी’ हा नियम पठारावर फसतो. लातूर, औसा, रेणापूरकडच्या रुंद सपाट पठारावर उंची बरीच असूनही चांगली खोल काळी रानं आहेत, कारण उतार नसल्यामुळे माती वाहून गेली नाही. म्हणजे उंचीपेक्षा उतार महत्त्वाचा. उदगीरच्या बाजूला, बीदरच्या पठाराला लागून, तांबडी जांभ्याची माती भेटते. नांदेडच्या पूर्वेला देगलूर, बिलोलीकडे तर खडकच बदलतो. तिथे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट आणि नाइस हे वेगळे खडक सुरू होतात, माती वाळुसर आणि तांबूस होते. त्या भागातल्यांनी हा लेख वाचावा, पण पुढचे आकडे आपल्या रानाला जसेच्या तसे लावू नयेत.

दुसरी पायरी: पावसाचा हिशेब मातीच्या भाषेत मांडा

मराठवाड्याचा वार्षिक पाऊस ढोबळमानाने पश्चिमेकडे ६०० मिमीच्या आसपास, पूर्वेकडे नांदेड-किनवटच्या बाजूला ९०० मिमीच्या पुढे. यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबरचा. हवेची बाष्पीभवनाची मागणी मात्र वर्षभरात पावसाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असते. या दोन आकड्यांतल्या तफावतीमुळेच आपली माती अशी झाली आहे. पाऊस चुन्याला थोडा खाली नेतो, पण पूर्ण धुऊन काढण्याइतका तो पडत नाही. मग चुना पोटातच गाठी धरून बसतो. कोकणात याच बेसाल्टची माती झाली, पण तिथल्या पावसाने चुना, मॅग्नेशियम सगळं धुऊन नेलं आणि तांबडा जांभा उरला. खडक एक, हवामान वेगळं, माती वेगळी.

याच नियमाचा पुढचा भाग शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. पाऊस जितका कमी, तितका चुना वरच्या थरात आणि जास्त. चुना असा साचत गेला की पाण्यातलं कॅल्शियम संपतं आणि चिकणमातीवर सोडियमचा वाटा वाढतो; असा थर पाणी अडवून धरतो. म्हणून आष्टी, पाटोदा, भूम, परंडा अशा कमी पावसाच्या पट्ट्यात खोल काळं रान दिसलं, तर त्याच्या खालच्या थराची तपासणी जास्त काळजीने करावी. वरून ते परभणीच्या रानासारखंच दिसतं.

तालुक्याचा सरासरी पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. पण सरासरीला फार भाव देऊ नका. दहा वर्षांचे महिनावार आकडे उतरवून घ्या आणि दोनच गोष्टी बघा: जुलै-ऑगस्टमधला खंड साधारण किती दिवसांचा पडतो, आणि सप्टेंबरचा पाऊस भरवशाचा आहे का. लातूर-धाराशिवकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो. तिथली रब्बी त्याच्यावर उभी आहे.

आता माती आणि पाऊस एकत्र मांडू. काळ्या चिकणमातीत पिकाला उपसता येईल असं पाणी दर सेंटिमीटर खोलीला साधारण १.५ ते २ मिमी बसतं. ४० सेंमी खोल रानात ६० ते ८० मिमी. भर ऑगस्टमध्ये पानं झाकलेलं सोयाबीन दिवसाला सुमारे ५ मिमी पाणी पितं. म्हणजे पूर्ण भरलेलं हे रान १२ ते १६ दिवस तग धरतं, त्यापुढे नाही. तेच १ मीटर खोल रानात १५० ते २०० मिमी पाणी असतं. महिनाभराचा खंडही निघू शकतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन रानांचं कोडं इथे सुटतं. मालदांडी ज्वारी एकही पाणी न देता थंडीत उभी राहते, तीही खोल रानातल्या याच साठ्यावर. हलक्या रानात तिला कितीही जीव लावा, कणसं भरायच्या वेळी रान कोरडं पडतं.

तिसरी पायरी: खड्डा

टाळाटाळ इथेच होते. तपासणीसाठी वीतभर माती पिशवीत भरून देणं सोपं, खड्डा घेणं कष्टाचं. पण सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा.

जागा रानाच्या सर्वसाधारण भागात निवडा. बांध, झाडाखाली, उकिरड्याची जागा, जनावरं बांधायची जागा नको. रानाला उतार असेल तर एक खड्डा वरच्या अंगाला, एक खालच्या. लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर, खोली मुरूम लागेपर्यंत किंवा जास्तीत जास्त सव्वा मीटर. एका बाजूला उतरायला पायऱ्या ठेवा आणि समोरच्या भिंतीवर ऊन पडेल अशी दिशा धरा. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका, म्हणजे बुजवताना चुनखडीची माती वर येणार नाही. सव्वा मीटरच्या खालचं बघायचं असेल तर खड्ड्यात न उतरता वरून गिरमिट किंवा पहारीने बघा. पाऊस झाल्यावर, किंवा भिंतीत उभी भेग दिसत असेल तर, खड्ड्यात उतरायचं नाही. ही माती सूचना देऊन ढासळत नाही. रात्री खड्ड्याभोवती काट्या टाका; शेळ्या पडतात, माणसंही पडतात.

योग्य वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाळ्यात भेगा मिटलेल्या असतात आणि सगळी भिंत एकसारखी लगदा दिसते.

चौथी पायरी: भिंत वाचा

फावड्याने गुळगुळीत झालेली भिंत काही सांगत नाही. चाकूच्या टोकाने वरपासून खाली थोडी थोडी माती उचकटून काढा, म्हणजे ढेकळं आपल्या नैसर्गिक सांध्यांवर सुटतील. शेजारी मोजपट्टी लटकवा आणि फोटो काढा.

पहिल्यांदा खोली. मातीचा थर २२ सेंमीच्या आत असेल तर उथळ, ४५ पर्यंत मध्यम, ९० पर्यंत मध्यम खोल आणि त्यापुढे खोल, असं साधारण धरतात. मुरूम कसा आहे हेही लिहा. टिकावाने सहज फुटणारा, पिवळसर, भुसभुशीत मुरूम असेल तर फळझाडांची मुळं त्यात शिरतात आणि पाण्याचा निचराही होतो. कठीण पाषाण थेट लागला तर गोष्ट वेगळी.

मग भेगा. वरून किती रुंद, आणि खाली कुठपर्यंत? त्यात सायकलचा आरा किंवा सरळ तार सोडून मोजा. एक सेंमी किंवा जास्त रुंदीच्या भेगा अर्धा मीटर खोल जात असतील, माती चिकण असेल आणि पुढे सांगतो ते चकचकीत पृष्ठ सापडलं, तर तुमचं रान मृदाशास्त्रात ज्याला व्हर्टिसॉल म्हणतात त्या जातीचं आहे. शास्त्रीय अट किमान ३० टक्के चिकणमातीची आहे; आपल्या खोल रानांत ती बहुधा ५० टक्क्यांच्या आगेमागे असते.

हे चकचकीत पृष्ठ बघायला अर्ध्या मीटरच्या खाली जा. चाकूने उचकटताना तिरकी, पाचरीसारखी ढेकळं सुटतात आणि त्यांच्या अंगावर पॉलिश केल्यासारखी चमक आणि बारीक ओरखडे दिसतात. पावसात खालची माती फुगते, तिला बाजूला सरकायला जागा नसते, मग एक ढेकूळ दुसऱ्यावर घासत वर सरकतं. दरवर्षी हे चालतं. स्मेक्टाइट नावाचं खनिज याच्या मुळाशी आहे. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि बाहेर पडतं, त्यानुसार माती फुगते-आकसते. रानात विजेचे खांब कलतात, बांधाच्या भिंती फुटतात, पाइपलाइनचे जोड दर दोन-तीन वर्षांनी सुटतात, ते यामुळे.

चुना कुठे सुरू होतो ते बघा. हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या पांढरट गाठी दिसतील. त्या कडक, गोल आणि भिंतीत सगळीकडे विखुरलेल्या असतील तर बऱ्याचदा त्या मातीबरोबर वाहत आलेल्या असतात. पण मऊ, भुकटी होणारा पांढरा चुना ठरावीक खोलीवर सुरू होत असेल, तर तो तिथेच तयार झालेला आहे. पाणी साधारण कुठपर्यंत मुरतं याची ती खूण समजा. मोसंबी लावायचा विचार असेल तर ही ओळ वहीत ठळक लिहा.

शेवटी मुळं. जुन्या तुरीचं किंवा कपाशीचं सोटमूळ कुठपर्यंत सरळ गेलं आणि कुठे आडवं वळलं? वळलं त्या जागी काहीतरी अडचण आहे: नांगराचा कडक तळ, चोपण (सोडियम वाढून पाणी अडवणारा) थर किंवा पाणी साचणारी पातळी. ट्रॅक्टरने वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरलेल्या रानात २० ते २५ सेंमीवर असा तळ हमखास सापडतो. या एका निरीक्षणासाठीसुद्धा खड्डा वसूल होतो.

पाचवी पायरी: हातातल्या चार चाचण्या

प्रत्येक थराची (वरची वीत, ३० ते ६० सेंमी, ६० ते ९० सेंमी) अर्धा किलो माती वेगळी घ्या, सावलीत वाळवा, खडे काढा.

पट्टी: मूठभर माती भाकरीच्या पिठाइतकी मळा आणि अंगठा व बोटाच्या मध्ये दाबत पट्टी पुढे सरकवा. पाच सेंमीपेक्षा लांब पट्टी न तुटता लोंबली तर चिकणमाती. अडीच सेंमीच्या आत तुटली तर पोयट्याची किंवा वाळुसर. दोन रानांची माती शेजारी ठेवून करा, फरक लगेच हाताला कळतो.

आकसणं: ही चाचणी मला सगळ्यात उपयोगाची वाटते, आणि ती फारसं कुणी करत नाही. बारीक केलेली माती दाट लगद्यासारखी भिजवून रात्रभर ठेवा. सिरिंजचं टोक कापून तिच्यातून शेवेसारख्या कांड्या पाडा आणि त्या बरोबर १० सेंमी लांबीच्या कापा. दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग पुन्हा मोजा. किती आकसली त्याला वाळलेल्या लांबीने भागा. समजा कांडी ९.२ सेंमी झाली, तर ०.८ भागिले ९.२ म्हणजे सुमारे ०.०९. हा आकडा ०.०३ च्या आत असेल तर माती फारशी हलत नाही, ०.०६ च्या पुढे गेला तर चांगलीच फुगते-आकसते; ०.०९ च्या पुढे तर त्या जागी घर, गोठा, पाण्याची टाकी बांधताना पाया साध्या पद्धतीने घेऊच नका. घरगुती चाचणीचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा थोडा जास्तच येतो, पण तुलनेला पुरेसा आहे.

चुना: वाळलेल्या ढेकळावर सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की बुडबुडे येतात. जितकी फसफस, तितका मुक्त चुना. आम्ल कृषी विज्ञान केंद्रातून किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतून, जाणत्याच्या हातून वापरा; संडास साफ करायची बाटली रानात आणून प्रयोग करू नका. लिंबाच्या रसाने चुना जास्त असेल तरच हलकी फसफस येते, तीही कान लावून ऐकावी लागते.

सोडियम: ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी किंवा बॅटरीचं शुद्ध पाणी घ्या. बोअरचं नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात. वाळलेलं सुपारीएवढं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका आणि दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ विरघळून खाली पडलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर घाबरायचं कारण नाही. पण ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग तयार झाला आणि तो दुसऱ्या दिवशीही तसाच तरंगत राहिला, तर त्या थरात सोडियम आहे, माती चोपण होत चालली आहे. वरच्या थराचा ग्लास स्वच्छ आणि ६० सेंमीच्या थराचा गढूळ, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. त्या रानात पीक पहिली काही वर्षं छान येतं. मग ऊस घेतला जातो, पाणी वाढतं, आणि खालचा थर पाणी अडवून धरतो.

सहावी पायरी: प्रयोगशाळेकडे काय मागायचं

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात १२ घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. खताच्या मात्रेसाठी ती कामाची आहे. पण तिच्यात खोली नाही, चिकणमातीचं प्रमाण नाही, मुक्त चुना नाही, सोडियम नाही. शिवाय नमुना वरच्या वीतभर थराचा. म्हणजे ती पिकाच्या जेवणाचं सांगते, जमिनीच्या स्वभावाचं नाही. पत्रिका हातात असली म्हणजे जमीन कळली, असं मानणारे खूप आहेत. मला ते पटत नाही.

म्हणून खड्ड्यातल्या तीन थरांचे नमुने वेगळे द्या आणि मुक्त चुना, सामू, क्षारता आणि विनिमय सोडियमची, म्हणजे चिकणमातीच्या कणांवर बसलेल्या सोडियमची, टक्केवारी मागा. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र इथे विचारणा करा. आकडे वाचताना दोन गोष्टी. मोसंबीसारख्या फळबागेला मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत हवा. वर गेला की लोह अडकतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. सोयाबीनमध्येही हाच पिवळेपणा दिसतो आणि युरिया टाकून तो जात नाही. दुसरं, विनिमय सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेला की जमीन चोपण, असं पुस्तकांत असतं. पण आपल्या स्मेक्टाइटच्या मातीत ५ टक्क्यांच्या पुढेच निचरा मंदावायला लागतो. अहवालात ८ किंवा १० आकडा आला आणि शेजारी ‘सर्वसाधारण’ लिहिलेलं असलं, तरी निर्धास्त होऊ नका.

सातवी पायरी: सगळं एका पानावर आणा

वहीच्या एका पानावर रानाचं उभं चित्र काढा: वर उतारावरची जागा, बाजूला पाऊस, मग थर, त्यांची खोली, भेगा, चुना, मुरूम, ग्लासातला निकाल. आता निर्णय घ्यायला बसा.

माथ्या-उतारावरचं, ३० सेंमीच्या आतलं मुरमाड रान असेल तर त्याला काळ्या रानाच्या मापाने मोजू नका. मूग, उडीद, बाजरी अशी लवकर निघणारी पिकं, नाहीतर सीताफळ. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर सीताफळ आपोआप वाढतं आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गाळ आणून टाकायचा विचार असेल, तर आधी ग्लासातली चाचणी त्या तलावाच्या गाळावरही करा.

मध्यम खोल रान म्हणजे आपल्याकडचं बहुसंख्य रान. सोयाबीन-तूर, कपाशी-तूर इथे चालतात, पण वरचा १२-१६ दिवसांचा हिशेब डोक्यात ठेवून. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलं तर दोन्ही बाजूंनी फायदा: जास्त पावसात सरीतून पाणी निघून जातं, खंडात सरीत मुरलेलं पाणी कामी येतं. त्यासाठीचं बीबीएफ यंत्र नसेल तर दर चार-सहा ओळींनंतर एक मृत, म्हणजे न पेरलेली रिकामी, सरी काढा.

खोल, ९० सेंमीच्या पुढचं रान, स्वच्छ ग्लास, खाली भुसभुशीत मुरूम: हे मराठवाड्यातलं सोनं. जुने लोक असं रान खरिपात पड ठेवायचे, पाळ्या घालत राहायचे आणि रब्बीत ज्वारी, करडई, हरभरा घ्यायचे. ते आळशी नव्हते. पावसाळ्यात या रानाला आठवडा-आठवडा वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही, आणि भिजलेल्या रानात औत घातलं तर ढेकळं होतात, तण मात्र राहतं. सोयाबीन आल्यापासून ही पद्धत मोडली. मोडली ते चूक, असं मी म्हणणार नाही, पैसा खरिपात आला. पण दोन पिकं घेताना रब्बीच्या वेळी रानात किती ओल उरली हे पहारीने बघूनच पेरा, सवयीने नको.

रब्बी ज्वारीतली कोळपणी फक्त तणासाठी नसते. डिसेंबरमध्ये भेगा पडायला लागल्या की ओल नुसती वरून उडत नाही, भेगांच्या आतल्या भिंतींतूनही उडते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणीची शिफारस आहे, आणि शेवटची दातेरी कोळप्याने, कारण तोपर्यंत रान कडक झालेलं असतं आणि मातीने भेगा भरायच्या असतात. मे महिन्यातल्या भेगांचं मात्र उलट आहे. त्या बुजवायची घाई नको, मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाचं पाणी त्यांतूनच खोल जातं. भेगा मिटल्या की हीच माती तासाला मोजके मिलिमीटर पाणी पिते आणि उरलेलं वाहून जातं.

राहिलं ते रान, जे दिसायला खोल आणि काळं आहे पण ज्याचा खालचा ग्लास गढूळ आला. कालव्याखालच्या, नदीकाठच्या सखल रानांत हे जास्त सापडतं. इथे सगळ्यात आधी पाणी बाहेर काढायची वाट शोधा: चर, उघडा नाला, शेजाऱ्यांशी बोलून सामाईक निचरा. मातीतला सोडियम सोडवणारं जिप्सम त्यानंतर. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकलं तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? मोकाट पाणी बंद करून ठिबक करा, आणि बोअरचं पाणीही तपासून घ्या. काळ्या रानाला बिघडवणारं पाणी बऱ्याचदा आपल्याच विहिरीतलं असतं. मोसंबी किंवा केसर आंब्याचा बेत या रानात धरू नका, कितीही चांगली रोपं मिळत असली तरी. आधी दोन पावसाळे चर चालू ठेवा, मग ६० सेंमीची माती पुन्हा ग्लासात सोडून बघा.